बचत गट आणि मायक्रोफायनान्सचा गट: कर्ज उचलण्यापूर्वी ओळखायचा फरक

ठाणे जिल्ह्यात शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवर एकाच बाईचे नाव दोन गटांत असणे नवीन नाही. एक ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील स्वयंसहायता बचत गट, तर दुसरा मायक्रोफायनान्स (लहान रकमांची कर्जे देणाऱ्या) कंपनीने कर्जवाटपासाठी बांधलेला गट. बैठक दोन्हीकडे होते, तारण कुठेच मागत नाहीत, म्हणून घरात दोन्ही कर्जे एकच समजली जातात. मात्र शेळ्या घ्यायच्या असोत, पिठाची गिरणी टाकायची असो की भेंडीची लागवड वाढवायची असो, पैसा कोणत्या गटातून आला यावर तो धंदा टिकणे बरेचसे अवलंबून असते.

बचत गट सभासदांच्या स्वतःच्या पैशावर उभा राहतो. १० ते २० जणी (दुर्गम आदिवासी भागात ५ जणीही चालतात) ठरलेली बचत जमा करतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात आणि हिशेबाची वही स्वतः ठेवतात. हा व्यवहार सहा महिने नियमित चालल्यावर गट बँकेच्या कर्जाला पात्र ठरतो. ते कर्ज गटाच्या नावावर मिळते आणि कोणाला किती द्यायचे हे गट ठराव करून ठरवतो. अभियानातील महिला गटांना ३ लाख रुपयांपर्यंतचे बँक कर्ज वार्षिक ७ टक्के दराने मिळते.

कंपनीच्या गटात साधारण ४ ते १० जणी असतात. तेथे आधी बचत करावी लागत नाही. कर्ज प्रत्येकीच्या नावावर निघते आणि एकीचा हप्ता थकला की त्याचा भार बाकीच्या जणींवर येतो. व्याज वर्षाला २० टक्क्यांच्या वर असणे सर्रास आढळते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बचत गटही अंतर्गत कर्जावर अनेकदा महिना २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के व्याज घेतो. कागदावर दोन्ही दर सारखेच दिसतात. फरक असा की गटात भरलेले व्याज गटाच्याच निधीत जमा होते, त्यावर सर्व सभासदांचा हक्क राहतो आणि पुढच्या वर्षी त्याच पैशातून आणखी एखादीची गरज भागते. कंपनीला दिलेले व्याज पाड्याबाहेर जाते.

माझ्या मते याहूनही मोठा फरक परतफेडीच्या वेळापत्रकात आहे. शेळी पाच महिन्यांनी विते आणि करडू विकण्याजोगे व्हायला त्यापुढे आणखी कित्येक महिने लागतात. कंपनीचा हप्ता मात्र बहुधा पुढच्या आठवड्यापासून किंवा महिन्यापासून सुरू होतो. मग तो मजुरीतून भरावा लागतो, आणि भातकापणीनंतर कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले की शेळी सांभाळायला घरी कोणी नसल्याने ती वेळेआधीच विकली जाते. बचत गटात सभासद एकमेकींची परिस्थिती जाणतात आणि हप्त्याची मुदत बैठकीत बदलून घेता येते, अर्थात वही चोख असेल आणि बैठका खरोखर होत असतील तर. नुसत्या कागदावरच्या गटाकडून ही अपेक्षा करता येत नाही.

रोज माल विकून रोज पैसा हाती येणाऱ्या बाईला, उदाहरणार्थ कल्याणच्या बाजारात भाजी विकणारीला, साप्ताहिक हप्ता जड जात नाही. तिला रक्कम लवकर हवी असल्यास कंपनीचे कर्जही उपयोगी पडते.

कंपनीचे कर्ज आधीच डोक्यावर असेल तर रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासून लागू असलेले नियम माहीत असावेत. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, आणि असे सूक्ष्म कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारता येत नाही. दुसरीकडे, अभियानातील बँक कर्जाचा वापर महागडे कर्ज फेडण्यासाठी करण्यास मुभा आहे. म्हणून बचत गटाचे बँक कर्ज मंजूर झाले की वाटपाच्या बैठकीत, नव्या धंद्याच्या मागण्यांबरोबरच कोणत्या सभासदाचे कंपनीचे कर्ज आधी मिटवायचे, हा विषयही घेता येतो.