गोव्यातली घुमटवाली देवळं

फोंडा तालुक्यातली म्हणजे जुन्या अंत्रुज महालातली मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, बांदिवडे इथली देवळं ही गोव्याच्या मंदिर-वास्तुकलेची सगळ्यात ओळखीची उदाहरणं. पहिल्यांदा बघणारा थोडा गोंधळतोच, कारण शिखराच्या जागी घुमट, खिडक्यांना अर्धगोल कमानी, भिंतींवर चर्चसारखे चपटे खांब, आत झुंबरं आणि समोर पांढराशुभ्र मजल्यामजल्यांचा दीपस्तंभ. मूळ देवस्थानं जुनी, पण आज दिसतात त्या इमारती बऱ्याचशा 18व्या शतकात आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या.

असं का झालं ते कळायला इतिहासात जावंच लागतं. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा बेट घेतलं, 1543 मध्ये शेजारचे बारदेस आणि सासष्टी हे तालुके पोर्तुगीजांकडे गेले आणि पुढच्या दोनेक दशकांत तिथली देवळं पाडली गेली. लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे आदिलशाहीच्या मुलखात, म्हणजे या अंत्रुजात नेले. कुठ्ठाळीचा म्हणजे कुशस्थळीचा मंगेश 1560 मध्ये प्रियोळला म्हणजे आजच्या मंगेशीला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. थोडक्यात ही देवळं म्हणजे एका स्थलांतराचा नकाशाच आहे, आणि गंमत म्हणजे ज्या आदिलशाहीने आसरा दिला तिची 1560 ची साफा मशीद आजही फोंड्यात उभी आहे, शेजारी कमानींच्या कोनाड्यांची तळी आहे. सगळेच देव मात्र बाहेरून आलेले नाहीत, बांदिवड्याचा नागेश तिथलाच, तिथे 1413 चा शिलालेख आहे.

सुरुवातीला जे उभं राहिलं ते साधंच होतं. पैसा आणि राजाश्रय आला तो पुढे मराठ्यांमुळे. त्याची सुरुवात म्हणाल तर 1668 ला, शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार केला तेव्हा, पण तो डिचोलीकडचा भाग. कवळ्याचं आत्ताचं शांतादुर्गेचं देऊळ 1738 च्या आसपासचं, त्यामागे शाहू महाराजांच्या दरबारातले मंत्री नारोराम यांचा पुढाकार होता. फोंडा पोर्तुगीजांकडे गेला 1763 च्या सुमारास, तोवर धर्माच्या बाबतीतला त्यांचा जुना जोर ओसरला होता म्हणून ही देवळं राहिली.

आता मंगेशीला उभं राहून नीट बघा. गर्भगृहावर अष्टकोनी चौथरा आणि त्यावर घुमट, सभामंडपावर उतरती छपरं, बाजूने कमानी, आणि अंगणात सात मजली दीपस्तंभ, प्रत्येक मजल्याला लहान लहान कमानींचे कोनाडे, उत्सवाला त्यात पणत्या लागतात. दीपमाळेची कल्पना देशावरची, जेजुरीला वगैरे असते तीच, पण तिकडे दगडाचे हात बाहेर आलेले असतात आणि इकडे ती चर्चच्या मनोऱ्यासारखी आतून पोकळ दिसते. घुमट नक्की कुणाचा, विजापूरचा की जुन्या गोव्यातल्या सेंट कायतान चर्चचा, यावर अभ्यासक वाद घालतात. माझ्या मते एकच उत्तर शोधण्यात अर्थ नाही, कारण चिरा म्हणजे जांभा दगड घडवणारे आणि चुन्याचा गिलावा करणारे गवंडी सगळीकडे काम करायचे, हाताला जे वळण लागलं तेच देवळात आलं.

म्हणून या देवळांना कुणी "चर्चची नक्कल" म्हणतं ते मला पटत नाही. नक्कल फक्त बाहेरच्या अंगाची, आतली मांडणी अजिबात बदललेली नाही, गर्भगृह, अंतराळ म्हणजे गर्भगृह आणि मंडपामधली जागा, सभामंडप, समोर तुळशी वृंदावन, बाजूला तळी, दारात नौबतखाना, आणि चहूबाजूंनी अग्रशाळा. अग्रशाळा म्हणजे भक्तांना राहायच्या खोल्या, आणि या देवळांचा सामाजिक अर्थ कळायला मला घुमटापेक्षा त्याच महत्त्वाच्या वाटतात. कारण इथले महाजन (देवस्थानचे वंशपरंपरागत मानकरी) आणि कुळावी (ज्यांचा तो कुलदेव ती घराणी) फोंड्यात राहतातच असं नाही, ते मुंबई, कारवार, मंगळूर, कुठे कुठे पसरलेत, लग्नमुंज झाली की कुलदेवाला येतात, चार दिवस राहतात, पालखी बघतात. कित्येकांचा मूळ गाव सुटून साडेचारशे वर्षं झाली तरी पत्ता म्हणून देऊळच सांगतात. दीनानाथ मंगेशकरांचं आडनाव असंच, मंगेशीवरून.

या आधीचं गोव्यातलं देऊळ कसं होतं ते बघायचं तर अनमोड घाटाच्या पायथ्याशी तांबडी सुर्लाला जायला हवं, कदंब राजघराण्याच्या काळातलं, काळ्या पाषाणाचं महादेवाचं देऊळ. दाट जंगलात आडबाजूला म्हणून वाचलं असं म्हणतात. तिथे घुमट नाही की गिलावा नाही, नुसता कोरीव दगड, आणि मंगेशीशेजारी त्याचा फोटो ठेवला तर दोन्ही एकाच राज्यातली आहेत यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

सध्याची अडचण जीर्णोद्धाराची आहे. पैसे जमले की गावोगावच्या कमिट्या जुनं कौलारू देऊळ उतरवतात आणि सिमेंट, ग्रॅनाइट, टाइल्स घालून दाक्षिणात्य किंवा उत्तरेकडचं शिखर चढवतात, कारण "खरं देऊळ" असं दिसतं असा समज झालाय. नार्व्याचं सप्तकोटेश्वर त्यातलं वेगळं उदाहरण, सरकारने त्याचं जतनकाम केलं आणि 2023 मध्ये ते पुन्हा खुलं झालं, घुमट आणि कौलारू छप्पर दोन्ही तसंच ठेवून.