घरचं आमसूल, साठं आणि सरबत विकायला कधी लागलो, आणि लायसनचा घोळ कुठून आला

दरवर्षी एप्रिल उजाडला की एकच प्रश्न फिरायला लागतो: घरी केलेलं आमसूल, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आंब्याची साठं (सुकवलेल्या रसाच्या पोळ्या), फणसाचे तळलेले गरे विकायचे तर लायसन लागतं का? दहा जण दहा उत्तरं देतात. कोण म्हणतं काही लागत नाही, कोण म्हणतं पाच लाख दंड आहे. या गोंधळात ज्या बायका चांगलं करतात त्या घाबरून गप्प बसतात, म्हणून मागचं सगळं एकदा सलग लिहून ठेवतेय. आमसूल कसं करतात, सोलकढीत आगळ किती घालायचं हे इथे कोणाला शिकवायची गरज नाही, ते सोडून देते.

जुनं थोडक्यात. आपल्याकडे कोकणात हे सगळं आगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीसाठी होतं. जून लागला की समुद्र बंद, होड्या वर ओढलेल्या, वाटा वाहून गेलेल्या, बाजार असला तरी तिथे जाणार कसं. त्यामुळे मे महिन्यात घरात जे भरून ठेवलं तेच चार महिने खायचं: सुके बांगडे, सुकट, कुळथाचं पीठ, फेण्या, सांडगी मिरची, फणसाचे पापड, बरणीत आमसूल. १५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज वैद्याच्या पुस्तकात आपल्या भिरंडाची, म्हणजे रातांब्याची (कोकमाच्या फळाची) नोंद आहे, म्हणजे तेव्हा बाहेरून आलेल्या माणसाच्या डोळ्यात भरावं इतकं ते इथे रोजच्या वापरात होतं. मिरची आणि काजू मात्र पोर्तुगीजांच्या मागून आले, त्याआधी तिखटाला मिरी आणि तिरफळ. आणि मीठ. मिठाशिवाय यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही आणि त्याच मिठावर सरकारचा कर होता. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तो बरोबर रातांब्याच्या सीझनमध्ये. शाळेत तो स्वातंत्र्यलढा म्हणून शिकवतात आणि तो होताच, पण ज्या घरात खळ्यात आमसुलं पसरलेली होती त्या घराला मीठ कायद्याच्या कचाट्यात असणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागलं नसेल.

पुढची पन्नासेक वर्षं विक्री हा विषय नव्हताच, विषय होता वानवळा, म्हणजे घरचं आपल्या माणसांना भेट म्हणून पाठवणं. अख्खा रत्नागिरी जिल्हा (सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला) मुंबईला माणसं पुरवत होता, बाप्ये गिरणीत, बायका-पोरं गावात, महिन्याला मनीऑर्डर. उलट दिशेने जायचं ते गाठोडं. बोटी पावसाळ्यात बंद असायच्या त्यामुळे मे अखेरच्या बोटीला जेवढं जाईल तेवढं, नंतर एसटीच्या टपावर. मुंबईतल्या एका खोलीत दहा-बारा माणसं राहायची त्यांची कढी या गाठोड्यातल्या आगळावर चालायची. पैसे कोण मागणार? घरचं विकणं कमीपणाचं वाटायचं आणि अजूनही जुन्या बायकांना किलोचा भाव सांगताना जीभ अडखळते, हे मी जवळून बघितलंय.

मुंबईत मात्र घरच्या हाताला पैसा मिळतो हे आधी कळलं. खानावळी चालवणाऱ्या बायका होत्याच, आणि १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले ती लिज्जतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गावाकडे हे वारं यायला संप व्हावा लागला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्या बंद पडल्या, मनीऑर्डरी आटल्या, माणसं परत आली. माझ्या मते घरचं विकायची खरी सुरुवात तिथून आहे, योजनांपासून नाही, जरी सरकारी कागदात नेहमी योजनेपासून इतिहास सुरू होतो.

योजनांनी माल वाढवला हे खरं. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग लागवड आली, शंभर टक्के अनुदानावर, आणि कातळ फोडून आंबा-काजू लागला. झाडं धरायला लागली तशी डागी आणि बारीक आंब्याची रास वाढली, त्याची साठं घातल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कोकमाचं वेगळं, ते परसातलं नाहीतर जंगलातलं झाड, बी लावून केलं तर नर निघेल की मादी हे फुलेपर्यंत सात-आठ वर्षं कळत नाही, नर निघाला की गेली मेहनत. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून कलमं मिळायला लागली तेव्हा कुठे लोकांनी कोकम मुद्दाम लावायला घेतलं. मग १९९८ च्या २६ जानेवारीपासून कोकण रेल्वे पूर्ण धावली, १९९९ पासून बचत गटांना कर्ज-अनुदानाची नवीन योजना आली, प्लास्टिकच्या बाटल्या स्वस्त झाल्या, पर्यटक यायला लागले. दहा वर्षांत वानवळ्याचा माल झाला.

आता मुख्य घोळ.

आधीही कायदा होताच. भेसळीचा १९५४ चा, आणि फळांच्या पदार्थांसाठी १९५५ चा वेगळा हुकूम, ज्याचा एफपीओ (फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डर) शिक्का सरबताच्या बाटलीवर असायचा. दुकानदार शिक्का मागायचा, पण घरातून ओळखीवर जाणाऱ्या मालाला कोणी विचारत नव्हतं. हे सगळे जुने हुकूम गुंडाळून २००६ साली एकच अन्नसुरक्षा कायदा झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो लागू झाला. यात कलम ३१ महत्त्वाचं. पहिलं पोटकलम म्हणतं धंद्याला परवाना हवा. दुसरं म्हणतं छोट्या उत्पादकाला परवाना नको, फक्त नोंदणी हवी. २०११ च्या नियमात छोटा म्हणजे वर्षाची उलाढाल १२ लाखापर्यंत आणि रोजचं उत्पादन १०० किलो किंवा लिटरपर्यंत. आपल्याकडची जवळपास प्रत्येक बाई यात बसते. नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये ठेवली. दोन्हीला चौदा आकडी नंबर मिळतो आणि बोलताना दोन्हीला लोक लायसनच म्हणतात, तिथेच सगळं बिनसलं.

कारण जो दंडाचा मेसेज फिरला, सहा महिने कैद आणि पाच लाख, तो तेव्हाच्या कलम ६३ मधला होता, पण त्याच कलमात कंसात लिहिलेलं होतं की ३१ च्या दुसऱ्या पोटकलमातले लोक यात धरायचे नाहीत. म्हणजे ज्या बाईला तो मेसेज दाखवून घाबरवलं तिला ते कलम लागूच नव्हतं! कंस गाळून कलम फिरवणाऱ्यांनी किती घरांचं नुकसान केलं याचा हिशोब कोणी ठेवला नाही. परवाना-नोंदणी करून घ्यायची मुदतही सारखी पुढे जात राहिली, एक वर्ष, सहा महिने, परत सहा महिने, असं करत शेवटची ४ मे २०१६. एवढ्या वेळा तारीख बदलल्यावर लोकांनी दोनच निष्कर्ष काढले, एक तर हे कधी होणारच नाही, किंवा उद्याच धाड पडणार.

याहून अवघड कलम १८. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात शेतकरी आणि मच्छीमार कायद्याबाहेर ठेवलेत, आणि शेतकऱ्याने शेतावर तयार केलेली त्याच्या पिकाची उत्पादनंही बाहेर ठेवलीत. आता सांगा, स्वतःच्या परसातल्या झाडाचे रातांबे, स्वतःच्या खळ्यात फोडून, मीठ लावून सुकवले तर ते आमसूल शेतावरचं उत्पादन की कारखान्याचं? एका बाजूचं म्हणणं, तांदूळ झोडपून विकणं आणि आमसूल सुकवून विकणं यात फरक नाही, फळ तसंच ठेवलं तर दोन दिवसात नासतं म्हणून सुकवणं हा काढणीचाच भाग. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, मीठ घातलं, पाकिटात बंद केलं, नाव छापलं की ती प्रक्रिया झाली आणि खाणाऱ्याचं रक्षण करायचं तर प्रक्रियेवर नजर हवीच. मला पहिलं म्हणणं आमसुलापुरतं पटतं, सरबताला नाही, कारण सरबतात बाहेरची साखर येते, बाटली येते, फसफसायची भीती येते. आणि शेजाऱ्यांकडून रातांबे विकत घेऊन करणारा गट असेल तर तो कुठल्याही अर्थाने शेतकऱ्याच्या सवलतीत बसत नाही, हे गटातल्या बायकांनी समजून घ्यायला हवं.

त्यात अन्नव्यवसायाची व्याख्या "नफ्यासाठी असो वा नसो" अशी आहे. त्यावरून मुंबईच्या बहिणीला पाठवलेलं आगळसुद्धा धंदा धरणार का अशी चर्चा झाली. नाही धरणार, नात्यात दिलेलं हा उपक्रमच नव्हे, पण ही शंका यावी इतकी ती भाषा मोकळी आहे आणि मराठीत साधं समजावून सांगणारं पत्रक तेव्हा गावात पोचलं नाही.

नियमांच्या मागे कारण नाही असं मी म्हणणार नाही. आमसूल जवळून बघा. रातांबा फोडून बी-गर वेगळा काढायचा, त्याला मीठ लावलं की रस सुटतो, साली दिवसभर उन्हात, संध्याकाळी परत त्या रसात, दुसऱ्या दिवशी परत उन्हात. जुन्या बायका अशी सात पुटं (रसात बुडवून परत सुकवायचे फेरे) सांगतात, बाजारू माल दोन-तीन पुटांवर निघतो. चांगलं आमसूल बोटाने दाबलं तर तुटत नाही, लवतं, आणि रंग जवळजवळ काळा. म्हणजे आठ-दहा दिवस उघड्या खळ्यात माल पडून, धूळ, कोंबड्या, माश्या. २०११ च्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात नोंदणीवाल्यालाही स्वच्छतेच्या अटी आहेत, त्यातली झाकलेली जागा ही अट योग्यच आहे. जाळीचा मांडव घातला की भागतं, खर्च फार नाही. पण हे कोणी येऊन दाखवायच्या ऐवजी नुसता कागद मागितला गेला, हे माझं गाऱ्हाणं.

सरबताची अट वेगळीच आहे. फळाच्या सरबतात निदान २५ टक्के रस आणि विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, निदान ६५ टक्के हवेत. घरचं अमृत कोकम साखर भरून उन्हात ठेवून करतात, पाक किती झाला ते डोळ्याने आणि चिकटपणाने ठरतं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. तो गटाला एकत्र मिळून परवडू नये इतका महाग नसतो, हातात मावेल एवढी नळी, दोन थेंब टाकून उजेडाकडे धरायची, बस. ज्या घरात गोड कमी आवडतं म्हणून साखर कमी घातली जाते त्या घरचं सरबत चवीला सरस पण नियमात नापास आणि पाऊस लागला की आधी फसफसणारंही तेच, हे दोन्ही खरं.

२०१६ ला सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. त्याने अजून एक गैरसमज आला की जीआय म्हणजे विकायची परवानगी. तसं नाही, ते नाव वापरायच्या हक्काचं प्रकरण, त्याची नोंद वेगळी आणि अन्नाची नोंदणी वेगळी.

२०२० ने सगळं एकदम पुढे ढकललं. मार्चमध्ये लॉकडाऊन, आंबा झाडावर, बाजार बंद, आणि मुंबईहून आलेली मुलं घरात. त्यांनी व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेतल्या, आईने साठं घातली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ रायगड किनाऱ्याला लागलं, पुढच्या मे मध्ये तौक्ते, परसातली जुनी झाडं उन्मळून पडली. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनाही २०२० ची, ३५ टक्के अनुदान आणि गटातल्या बाईला ४०,००० पर्यंत बीजभांडवल, आणि ऑनलाईन विकायचं तर चौदा आकडी नंबर आधी विचारतात. त्यामुळे जे काम दंडाच्या भीतीने झालं नव्हतं ते ऑर्डरीच्या आशेने झालं, आमच्या भागात नोंदणी करणाऱ्या बायका खऱ्या या काळात वाढल्या.

सध्या अडचण कागदाची कमी आणि उन्हाची जास्त आहे. २०२५ ला मे मध्येच पाऊस सुरू झाला आणि २५ मे ला मोसमी पाऊस सिंधुदुर्गात दाखलही झाला, रातांबा ऐन भरात असताना. सुकवणीचे दिवसच गेले, बऱ्याच जणींनी साली टाकून फक्त आगळ काढलं. ड्रायर घ्यावा तर पुटं घालायला ट्रे दर वेळी बाहेर काढावे लागतात, रसाने जाळ्या चिकटतात, वीज जाते ते वेगळंच. ओळखीच्या एका गटाने आता मधला मार्ग धरलाय, पहिली पुटं जाळीखाली उन्हात आणि ढग आले की शेवटची ड्रायरमध्ये. त्याने रंग थोडा लालसर राहतो, आंबटपणा तोच. गिऱ्हाईक काळं आमसूल मागतं, त्यामुळे पाकिटावर तसं लिहायचं की तोंडी सांगायचं यावर त्यांचं अजून ठरत नाहीये.