गाभण मेंढी लंगडते तेव्हा

मेंढी गाभण आहे, आता पायाला हात नको, व्याल्यावर बघू, असं बरेच मेंढपाळ म्हणतात. त्यामागची काळजी खरी आहे, पण थांबण्यातही धोका आहे. मेंढीचा गाभणकाळ साधारण 147 दिवसांचा असतो आणि कोकराचं सुमारे 70 टक्के वजन शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतं. वाढलेलं गर्भाशय कोटीपोटाला, म्हणजे चारा साठतो त्या मोठ्या पोटाला, दाबतं, म्हणून एका वेळी चारा कमी मावतो. ग्लुकोजची गरज मात्र चढत जाते. अशात पाय ठणकत असेल तर मेंढी गव्हाणीपाशी मागेच राहते. मग अंगावरची चरबी झपाट्याने वितळते, रक्तात कीटोन (चरबी वितळताना तयार होणारी द्रव्यं) साठतात आणि मेंढी बसते ती उठतच नाही. पोटात जुळी असतील तर हा धोका अधिक. दुखरा पाय म्हणजे पोटातल्या कोकराचाही प्रश्न आहे.

उपचार करायचा, पण मेंढीला उताणी पाडून नव्हे. ढुंगणावर बसवून पाय बघण्याची पद्धत एरवी सोयीची असते. गाभणकाळाच्या उत्तरार्धात मात्र भरलेलं कोटीपोट आणि गर्भाशय यांचा भार श्वासपटलावर आणि मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. उताण्या मेंढीला ढेकर देता येत नाही, त्यामुळे वायू कोंडतो. तिची धडपड वेगळीच. त्यापेक्षा तिला उभीच ठेवावी. लहान वाड्यात दोन-चार सोबतिणींसह घ्यावी, कारण एकटी पडलेली मेंढी बिथरते. एकाने तिला भिंतीलगत धरून हनुवटीखाली हात द्यावा, दुसऱ्याने पाय उचलावा: पुढचा गुडघ्यात दुमडून, मागचा सरळ मागे आणि खाली, बाजूला न ताणता. लोकर धरून ओढू नये, कातडीखाली रक्त साकळतं. कुत्रा लांब ठेवावा. पकडणारी बाई स्वतः गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्यावं. गाभडलेल्या किंवा व्यालेल्या मेंढीपासून टोक्सोप्लाझ्मासारखे जंतू माणसाच्या गर्भालाही बाधतात.

आता खूर कापायच्या चाकूबद्दल. लंगडण्याचं नेहमीचं कारण असलेला फूट रॉट (खूर कुजणं) हा डायकेलोबॅक्टर नोडोसस या जिवाणूचा संसर्ग आहे. खूर रक्त येईपर्यंत कापल्याने तो जात नाही, उलट जखम भरायला वेळ लागतो, हे ब्रिटनमधल्या अभ्यासांत दिसलं आहे. पशुवैद्यकाने वजनानुसार दिलेलं प्रतिजैविकाचं इंजेक्शन आणि नख्यांमध्ये फवारा, एवढ्याने बहुतेक पाय सुधारतात. वाढलेलं खूर बहुधा लंगडण्याचाच परिणाम असतो; पाय टेकायला लागला की ते झिजतं. तरीही काही कापावंच लागलं तर हत्यार प्रत्येक मेंढीनंतर निर्जंतुक करावं.

फूटबाथसाठी, म्हणजे खूर बुडवायच्या औषधी पाण्यासाठी, 10 टक्के झिंक सल्फेट बरं. मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) मी टाळायलाच सांगेन: मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि ते पाणी ती प्यायली तर विषबाधा होऊ शकते. अरुंद फाटकातून पोट भरलेल्या मेंढ्या रेटू नयेत.

पहिल्या महिन्यात गर्भ गर्भाशयाला चिकटत असतो, तेव्हा धावपळ नको. सगळ्या कळपाचे पाय तपासायचे ते फळवण्याआधीच; शेवटच्या सहा आठवड्यांत फक्त लंगडणारीलाच हात लावावा. एकाएकी अनेक मेंढ्या लंगडू लागल्या, तोंडात फोड दिसले, तर ते लाळ्या-खुरकूत असू शकतं. तेव्हा उपचार स्वतः न करता पशुवैद्यकाला कळवावं.

पाय सोडल्यावर तिला लगेच चारा-पाणी द्यावं आणि ती खाते का ते बघावं. पुढच्या खुराकालाही तोंड लावलं नाही, तर पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावं.