स्टीम केटल: दोन भिंतींमधली वाफ

वसतिगृहात किंवा अन्नछत्रात शंभर लिटर वरण शिजतं, तेव्हा अनेकदा भांड्याखाली ज्योत नसते. स्टीम केटलला दोन भिंती असतात. आत अन्न आणि दोन भिंतींमधल्या पोकळीत, म्हणजे जॅकेटमध्ये, बॉयलरची वाफ. वाफ अन्नाला लागत नाही. ती भिंतीवर थिजून पाणी होते आणि उष्णता भिंतीला देऊन टाकते. एक किलो पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात, तर एक किलो वाफ नुसती थिजताना सुमारे २,२०० किलोज्यूल देते. शंभर लिटर वरणाला उकळी आणायला म्हणूनच १३-१४ किलो वाफ पुरते. भांडं तापवायची आणि वाया जाणारी वाफ वेगळी.

एवढी वाफ थिजली म्हणजे तेवढंच पाणी जॅकेटच्या तळाशी जमणार. ते बाहेर काढतो स्टीम ट्रॅप. तो पाणी सोडतो, वाफ अडवतो. ट्रॅप किंवा त्याआधीचा गाळणीचा स्ट्रेनर तुंबला की पाणी साचतं आणि केटल मंदावते. दुसरा चोर म्हणजे हवा. गेजवर (दाब दाखवणाऱ्या मीटरवर) दर चौरस सेंटीमीटरला एक किलो प्रेशर असेल तर भिंतीला १२० अंशांची वाफ मिळायला हवी. पण जॅकेटमध्ये चौथा हिस्सा हवा असेल, तर गेज हवा आणि वाफ यांचा एकत्र दाब म्हणून तोच आकडा दाखवतं आणि वाफ मात्र १११ अंशांचीच असते. आचारी मग व्हॉल्व्ह आणखी उघडतो. उपाय एअर व्हेंट, म्हणजे हवा बाहेर सोडणारी झडप, तपासण्याचा आहे.

रात्री वाफ बंद केली की जॅकेटमधली वाफ थिजते, आत निर्वात होतो आणि पाणी तळाशीच अडकून राहतं. हे टाळायला बाहेरची हवा आत घेणारा व्हॅक्यूम ब्रेकर असतो. तो अनेक ठिकाणी काढून बूच मारलेलं दिसतं! सकाळी घाईत व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की वेगाने येणारी वाफ ते पाणी ढकलत नेते आणि पाइपात ठणठण आवाज येतो. हाच वॉटर हॅमर. जोड निखळतात, ट्रॅप फुटतात. म्हणून आधी जॅकेटमधलं पाणी सोडणारा ड्रेन कॉक उघडा, मग वाफेचा व्हॉल्व्ह पाव फेरा. पाणी संपून वाफ येऊ लागली की कॉक बंद करा आणि व्हॉल्व्ह सावकाश वाढवा. ड्रेनचा पाइप गटारापर्यंत नेलेला हवा, पायाशी नको.

जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हला बूच मारणं किंवा त्याचं सेटिंग चढवणं याला कुठलीही सबब नाही. गळती हाताने चाचपू नका. जोराने सुटणारी वाफ फटीपाशी दिसत नाही. पांढरं दिसतं ते पुढे थंड होऊन बनलेले पाण्याचे थेंब.

डाळ फेसाळते, म्हणून केटल पाऊण भरावी. झाकण आपल्यापासून दूरच्या बाजूने आधी उचलावं. उपसण्याच्या काही मिनिटं आधी वाफ बंद करावी. ओली भिंत शंभर अंशांच्या आसपास राहते, पण उघडी पडली की १२० कडे जाते आणि लगदा तिथेच करपतो. निम्मी घासाघीस इथेच वाचते.

धुण्याआधी वाफेचा व्हॉल्व्ह बंद, गेज शून्यावर, भिंत कोमट. तापलेल्या केटलमध्ये थंड पाणी ओतलं तर वेल्डवर ताण येतो. डाळ-भातासाठी कोमट पाणी आणि डिटर्जंटमध्ये भिजवून नायलॉनच्या ब्रशने घासा. लोखंडी काथ्या नको. त्याचे कण स्टीलमध्ये रुतून गंजतात. दूध करपल्यावर उरणारा पांढरा थर साबणाने निघत नाही, कारण त्यात कॅल्शियम फॉस्फेट असतं. त्याला एक-दोन टक्के सायट्रिक आम्लाचं गरम द्रावण लागतं. आम्लाआधी-नंतर भरपूर पाणी घ्या. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच केटलमध्ये उकळूही नये, स्टीलला बारीक खड्डे पडतात.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे अन्न बाहेर काढायचा खालचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह. वरून केटल लखलखते आणि व्हॉल्व्हच्या पोटात कालचा भात असतो. बॅसिलस सीरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि अशा उबदार ओलीत वाढतात. हा व्हॉल्व्ह रोज पूर्ण सुटा करून, गॅस्केट काढून धुवावा आणि सुटाच वाळत ठेवावा. चिरलेलं गॅस्केट परत बसवू नये.