पावागड हा निद्रिस्त ज्वालामुखी नव्हे

बडोद्यातील मराठी घरांत, विशेषतः नवरात्रात कालिकामातेच्या दर्शनाला निघताना, मुलांना सांगितले जाते की पावागड हा झोपी गेलेला ज्वालामुखी असून वरची दुधिया आणि तेलिया तळी ही त्याची मुखे आहेत. ही समजूत चुकीची आहे. शहराच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर उभा असलेला हा डोंगर लाव्हापासूनच बनला आहे, हे खरे. मात्र लाव्हाचा डोंगर आणि लाव्हा ओकणारा डोंगर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या उद्रेकांत लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे पसरले. ज्वालामुखीच्या शंकूत थर मुखापासून बाहेरच्या बाजूस उतरते असतात; पावागडावर तसे नाही. खाली काळा बेसाल्ट आणि माथ्यावर सिलिकाचे (वाळूतील मुख्य घटकाचे) प्रमाण अधिक असलेला रायोलाइट, असे हे दोन लाव्हाजन्य खडक आहेत. या कठीण टोपीमुळे डोंगर टिकला आणि भोवतालचा खडक मात्र झिजून गेला. माचीपाशी थांबून वर पाहिले, तर पायऱ्यांसारखे टप्पे आणि सरळ तुटलेले कडे ओळखू येतात. मला हे दृश्य कोणत्याही दंतकथेहून विलक्षण वाटते. तळ्यांत साठते ते पावसाचे पाणी.

उद्रेकाची भीतीही निराधार आहे, कारण त्या लाव्हाचा उगम मानला जाणारा तप्तबिंदू, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येण्याची जागा, भारतीय भूपट्ट (भारताला वाहून नेणारा भूकवचाचा तुकडा) उत्तरेकडे सरकल्यामुळे, आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाच्या परिसरात आहे. भारतातील जागृत ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रात, बॅरन बेटावर आहे.