गर्भनिरोधक इम्प्लांट आणि चयापचय

दंडाच्या आतल्या बाजूला त्वचेखाली बसवलेली, प्रोजेस्टिन हे संप्रेरक सावकाश सोडणारी कांडी म्हणजे गर्भनिरोधक इम्प्लांट. फिनलंडमध्ये १९८३ साली मान्य झालेल्या नॉरप्लांटमध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल या प्रोजेस्टिनच्या सहा नळ्या असत. आताची एकच कांडी ४ सेंमी लांब, तीत ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल हे दुसरे प्रोजेस्टिन. मुदत तीन वर्षांची. भारताच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमात ती २०२३ पासून टप्प्याटप्प्याने येऊ लागली.

मुंबईच्या दवाखान्यांत याविषयी पहिला प्रश्न बहुधा ‘वजन वाढेल का?’ हाच असतो. काहींचे वाढते, पण तांबी बसवलेल्यांचेही त्या वर्षांत वाढतेच. तुलनात्मक अभ्यासांत फरक थोडाच दिसतो. पाळी अनियमित होणे, मध्येच अंगावरून जाणे ही कांडी काढून घेण्यामागची याहून मोठी कारणे आहेत.

कांडीत इस्ट्रोजेन हे दुसरे स्त्री-संप्रेरक नसते. त्यामुळे यकृतात रक्त गोठवणारे घटक वाढण्याचा, दोन्ही संप्रेरके असलेल्या मिश्र गर्भनिरोधक गोळ्यांत असतो तसा धोका इथे जवळपास नसतो. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या कांड्यांनी एकूण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड काहीसे उतरतात. डेपो या गर्भनिरोधक इंजेक्शनाने (सरकारी नाव ‘अंतरा’) हाडांची घनता घटते; कांडीबाबत तशी घट ठळक आढळलेली नाही. साखरेचे मात्र थोडे वेगळे आहे. ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत साखर आणि इन्सुलिन किंचित चढलेले दिसतात, निरोगी स्त्रीत ते सहसा मर्यादेतच राहतात. मधुमेह असला तरी कांडी वर्ज्य नाही. जागतिक आरोग्य संघटना तिला अशा स्त्रियांसाठी साधारणतः वापरण्याजोगी मानते. तरी आपल्याकडे मधुमेह लवकर गाठतो, तेव्हा घरात शुगर असलेल्या बाईने अधूनमधून तपासणी करून घेणे शहाणपणाचे. स्तनाचा कर्करोग असल्यास मात्र कांडी बसवत नाहीत.

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले ते मुंबईतच. पुढे दीर्घकाळ टिकणाऱ्या संप्रेरक साधनांवर इथल्या स्त्री-संघटनांनीच कडक प्रश्न विचारले: बाईला पुरती माहिती देता का, आणि ती म्हणेल तेव्हा कांडी काढायला कोणी असेल का? दुसरा प्रश्न आजही रास्त आहे, कारण कांडी घरी काढता येत नाही.

चयापचयाची खरी अडचण मुंबईत क्षयाच्या औषधांपाशी येते. रिफाम्पिसिन यकृतातील एन्झाइमे वाढवते, संप्रेरक भराभर मोडले जाते आणि कांडी दंडात असूनही गर्भ राहू शकतो. फिट्सवरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन या गोळ्यांचेही तसेच. उपचार चालू असेपर्यंत आणि संपल्यावर आणखी चार आठवडे तांबी किंवा निरोधसारखी दुसरी सोय करावी लागते.