टेलला पाणी पोचलं का? सेप्टिक शॉक आणि बोटाचं टोक

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला कॅनडाचे सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचं नाव होतं. शस्त्रक्रिया करताना बोट कापल्याचं निमित्त झालं, जंतू रक्तात पसरले आणि १९३९ मध्ये बेथ्यून गेले. आज अँटिबायोटिक हाताशी आहेत. तरीही ऊसतोडीत कोयता लागलेला पाय किंवा मधुमेहातली चिघळलेली जखम घेऊन एखादा रुग्ण सोलापुरात पोचतो, तोवर त्याचं बीपी कोसळलेलं असतं. हाच सेप्टिक शॉक. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतून पाणी झिरपतं आणि अवयवांना रक्त कमी पडतं.

अशा वेळी तासाभरात अँटिबायोटिक आणि भरपूर सलाईन देतात. पहिल्या तीन तासांत किलोमागे साधारण ३० मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळजवळ चार बाटल्या. पुढे काय? नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, अजून एक बाटली लावा ना." पण जास्तीचं पाणी फुप्फुसांत साचतं, श्वास कोंडतो.

थांबायचं कधी, हे बोट सांगू शकतं. तर्जनीच्या टोकावर, तळव्याच्या बाजूने, काचेची पट्टी त्वचा पांढरी पडेपर्यंत दाबायची, दहा सेकंद धरायची, सोडायची. रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्त अजून कमी पडतंय. उजनीच्या कालव्याचंच पाहा: पाणी कमी असलं की आधी टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी कोरडा राहतो, आणि टेलला पाणी आलं की वरच्यांचं भिजलं असं समजतात.

दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत ४२४ रुग्णांवर याची परीक्षा झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. बोट पाहून उपचार केलेल्यांपैकी २८ दिवसांत ३४.९ टक्के दगावले, रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की वाढणारा पदार्थ) पाहून केलेल्यांपैकी ४३.४ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, हे संशोधकांनी मान्य केलं. तरी लॅक्टेट उतरायला वेळ घेतं, यकृत बिघडलं तरी चढलेलं राहतं. बोट मात्र दर अर्ध्या तासाला फुकट तपासता येतं. लहान रुग्णालयांसाठी मला हे फार मोलाचं वाटतं. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही इतर तपासण्यांच्या जोडीला ही तपासणी सुचवली.

मात्र एसीत हात गारठला असेल तर रंग उशिराच परततो, आणि सावळ्या त्वचेवर तो दिसायला चांगला उजेड लागतो. घरी बोट दाबत बसू नका. तापाबरोबर माणूस बरळू लागला, लघवी कमी झाली, धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा.